ड्रिपरखालची वाळू

माझ्या बागेच्या वहीत मोसंबीचं एक पान चिकटवलेलं आहे, शेंड्याकडून तिसरं. तीन वर्षांत ते सुकून तपकिरी झालंय, पण तोडलं त्या दिवशी मी खाली लिहून ठेवलं होतं: ‘पान जवळजवळ पांढरं. शिरा हिरव्या, अगदी बारीक शिरासुद्धा. आकार नेहमीएवढा. खालची जुनी पानं हिरवीगार.’ उजेडाकडे धरलं की फिकट कापडावर हिरव्या दोऱ्यानं जाळी विणल्यासारखं दिसायचं ते.

हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण. त्यात नवल काही नव्हतं. मला झोप लागू दिली नाही ती दुसऱ्याच गोष्टीनं: त्या वर्षी मी त्या ओळीला दोन वेळा लोह दिलं होतं.

आमची ३४० झाडं आहेत, बहुतेक मोसंबी, कडेला दोन ओळी लिंबाच्या. अण्णांनी लावलेली, आणि गेली नऊ वर्षं मी बघतेय. जमीन रेताड. ओली माती मुठीत दाबली तर गोळा होतो, पण बोट लावलं की ढासळतो. अशा जमिनीचे फायदेही आहेत. पाणी साचत नाही, मुळी खोल आणि मोकळी जाते, मुळकुजीचा त्रास कमी. पण अन्नद्रव्यांच्या बाबतीत वाळू म्हणजे तळ नसलेलं भांडं. जस्त, मँगनीज, तांबं, लोह यांचे कण धनभारित असतात आणि त्यांना धरून ठेवायला चिकणमातीचे किंवा कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाचे ऋणभारित कण लागतात. भारी काळ्या जमिनीत ही धरून ठेवायची ताकद, म्हणजे सीईसी, ४० च्याही वर जाते. आमच्या माती तपासणीत ती ४ आली होती आणि सेंद्रिय कर्ब अर्धा टक्कासुद्धा नव्हता. बोरॉनची गत आणखी वाईट. ते पाण्यात बोरिक आम्लाच्या रूपात असतं, त्याला भारच नसतो, त्यामुळे पहिल्या जोरदार पावसाबरोबर ते मुळ्यांच्या खाली निघून जातं.

हे सगळं मला माहीत होतं. म्हणून मी थोडं थोडं आणि पुन्हा पुन्हा देत होते. तरीही पालवी पांढरी.

अण्णांचं म्हणणं होतं की हे जस्त आहे. आम्ही दोघं त्या झाडाखाली बराच वेळ पानं तोडून बघत बसलो होतो. ‘अण्णा, जस्त असतं तर पान बारीक झालं असतं,’ मी म्हटलं. त्यांनी शेजारच्या झाडाची एक फांदी वाकवून दाखवली. तिथे खरंच पानं अरुंद, टोकदार, उभी राहिलेली, पेरं आखूड झालेली, शेंड्याला गुच्छ झालेला, आणि हिरव्या शिरांच्या मधे पिवळे धब्बे. ते जस्तच होतं. म्हणजे दोघंही बरोबर होतो, झाडं मात्र वेगवेगळी होती. काही झाडांवर तर एकाच फांदीला दोन्ही.

पान ओळखायची ही सवय ज्यांनी अजून लावलेली नाही त्यांच्यासाठी थोडं थांबते, कारण पुढचा सगळा खर्च यावर ठरतो. आधी हे बघायचं की पिवळेपणा नव्या पानावर आहे की जुन्या. लोह, जस्त, मँगनीज झाडात सहज हलत नाहीत, म्हणून कमतरता शेंड्याला दिसते. मॅग्नेशियम हलतं, झाड ते जुन्या पानातून काढून नव्याला देतं, म्हणून तिथे जुनं पान कडेनं पिवळं होतं आणि देठापाशी उलट्या व्ही सारखा हिरवा तुकडा उरतो. नव्या पानांतला फरक असा: जस्तात पान लहान होतं आणि हिरव्या-पिवळ्याची सीमा ठळक असते. मँगनीजमध्ये पानाचा आकार बदलत नाही, शिरांच्या बाजूला हिरवा रुंद पट्टा राहतो आणि मधला भाग फक्त मळकट फिकट दिसतो, जणू रंग नीट भरलाच नाही. लोहात हिरवं उरतं ते फक्त शिरेच्या रेषेपुरतं. आणि एक फार महत्त्वाचं: या तिन्हींत पानाच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजू सारख्या दिसतात. डावीकडे एक आणि उजवीकडे वेगळंच, पिवळे डाग शिरा ओलांडून पसरलेले, असं दिसलं तर ते ग्रीनिंग रोगाचं लक्षण असू शकतं. तो रोग झालेल्या झाडावर जस्ताच्या कमतरतेसारखी पानंही येतात, म्हणून लोक वर्षभर जस्त फवारत बसतात आणि तेवढ्या वेळात रोग शेजारच्या झाडांवर जातो. शंका आली तर त्या झाडाची रोगासाठी प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या, अंदाज नको.

मी पानांची तपासणीही केली होती. लोह आलं ८४ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ८४ भाग. लिंबूवर्गीय झाडांसाठी ६० ते १२० हे चांगलं मानतात. म्हणजे कागदावर झाडाला काही झालेलंच नव्हतं. पुढे कळलं की लोहाच्या बाबतीत हे नेहमी घडतं. पानात एकूण लोह असतं, पण ते कामाच्या रूपात नसतं, शिवाय पानावरची धूळही आकडा वाढवते. जस्त, मँगनीज, बोरॉनच्या आकड्यावर मी विसंबते. लोहाच्या आकड्यापेक्षा डोळ्यांवर.

उत्तर मिळालं ते एका दुपारी, ठिबकाच्या नळीवरचे तुंबलेले ड्रिपर साफ करताना. पांढऱ्या झाडांच्या ओळीत प्रत्येक ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर होता. नखानं खरवडला तर खडूसारखा चुरा निघाला, आणि त्यावर आम्लाचा एक थेंब टाकला तर तो फसफसला. मी खाली बसून ड्रिपरखालची वाळू चमच्यानं काढली, तेवढंच शुद्ध पाणी घालून ढवळली आणि सामू, म्हणजे पीएच, मोजला (७ च्या वर अल्कधर्मी, खाली आम्लधर्मी). ८.१. मग त्याच झाडापासून मीटरभर बाजूला, जिथे ठिबकाचं पाणी पोचत नाही, तिथली वाळू घेतली. ६.२. मी तीन वेळा मोजलं. मापक दोन्ही प्रमाण द्रावणांत पुन्हा जुळवून घेतलं. आकडे तेच.

एकाच झाडाखाली दोन जमिनी. आणि झाड जगत होतं ठिबकाच्या पाण्यावर, म्हणजे त्याची सगळी पांढरी मुळी त्या ८.१ मध्ये.

आपण म्हणतो वाळूत खत टिकत नाही. पण वाळूचा स्वतःचा सामूही टिकत नाही, हे मला तोवर उमगलं नव्हतं. चिकणमाती आणि सेंद्रिय पदार्थ पाण्यातला क्षार पोटात घालून सामू सांभाळतात. वाळूकडे ती ताकद नाही. जे पाणी तुम्ही देता, काही वर्षांत तीच तुमची जमीन होते. आमच्या त्या भागाला नंतर खणलेल्या बोअरचं पाणी जातं. ते तपासलं तर बायकार्बोनेट लिटरला ३२० मिलिग्रॅम निघालं. हिशोब केला: ६१ मिलिग्रॅम बायकार्बोनेट म्हणजे ५० मिलिग्रॅम चुनखडीइतका परिणाम. म्हणजे लिटरमागे साधारण २६० मिलिग्रॅम. हंगामात एका झाडाला ५,००० लिटर पाणी जातं, म्हणजे १ किलो ३०० ग्रॅम चुनखडी मी दरवर्षी प्रत्येक झाडाच्या मुळाशी, ड्रिपरच्या त्या हातभर वर्तुळात, आपल्या हातानं टाकत होते. सामू वाढवायचा तर लोक जे करतात तेच.

मग दिलेलं लोह कुठे गेलं, तेही उलगडलं. मी दिलं होतं ते ईडीटीए चिलेट. लोह उघडं दिलं तर अल्कधर्मी जमिनीत गंज होऊन बसतं, म्हणून ते चिलेटच्या चिमट्यात धरून देतात. पण प्रत्येक चिमट्याची पकड वेगळी. ईडीटीए लोहाला साधारण ६.५ सामूपर्यंत धरतं, त्यावर कॅल्शियम त्याची जागा घेतं आणि लोह सुटून निरुपयोगी होतं. डीटीपीए सातच्या थोडं वरपर्यंत चालतं. ईडीडीएचए ९ पर्यंतही सोडत नाही. मी खरेदी करताना पिशवीवरचे आकडे बघितले होते: ईडीटीएवर १२ टक्के लोह, ईडीडीएचएवर ६ टक्के. १२ मोठे, म्हणून ते घेतलं. आता पिशवीवर आधी हे वाचते की चिलेट कोणतं, आणि ईडीडीएचए असेल तर त्यातलं ऑर्थो-ऑर्थो रूप किती टक्के, कारण चुनखडी साठलेल्या मुळाशी खरं टिकतं ते तेच. ६ टक्क्यांपैकी ४.८ टक्के ऑर्थो-ऑर्थो असलेलं मी वापरते.

त्यातही पहिलं काम लोह देणं नव्हतं. पाणी दुरुस्त करणं होतं. ठिबकाच्या टाकीत आम्ल सोडायला लागलो, पाण्याचा सामू ६.५ च्या आसपास राहील एवढंच. हे काम करताना हातमोजे, चष्मा आणि नेहमी आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. अण्णा स्वतः उभे राहून बघतात, आणि मला ते हवं असतं. नत्राचा काही भाग नायट्रेटऐवजी अमोनियम सल्फेटातून द्यायला लागलो, कारण अमोनियम घेताना मुळी भोवती आम्ल सोडते. आणि प्रत्येक झाडाखाली पालापाचोळ्याचं जाड आच्छादन. ते कुजतं तसा वाळूत थोडा सेंद्रिय पदार्थ येतो, आणि वाळूत थोडासुद्धा फार असतो.

लोह मग दिलं, ईडीडीएचए, झाडाला ५० ग्रॅम, २५-२५ चे दोन हप्ते. पाण्यात पडलं की लाल रंगाचं द्रावण होतं. ते उन्हात तुटतं, म्हणून संध्याकाळी ठिबकातून, आच्छादनाखाली. एकोणिसाव्या दिवशी नवी पालवी फुटली ती हिरवी. जुनी पांढरी पानं मात्र पूर्ण भरून आली नाहीत, काही गळूनच गेली.

वाळूचा हलकेपणा इथे आपल्या बाजूनं उभा राहतो. भारी जमिनीचा सामू उतरवायला वर्षं जातात, आमच्या ड्रिपरखाली एका हंगामात तो ८.१ वरून ७ च्या खाली आला. पण याच कारणानं हात सैल सोडायचा नाही. ५.५ च्या खाली गेलात तर मॉलिब्डेनम मिळेनासं होतं, पानांवर शिरांच्या मधे मोठे पिवळे ठिपके येतात, आणि जमिनीत साठलेलं तांबं मुळी जाळू लागतं.

तांब्याचं सांगायलाच हवं, कारण ते वाळूतून जात नाही. बाकी सगळं वाहून जातं आणि तांबं मात्र वरच्या थरातल्या जेमतेम सेंद्रिय पदार्थाला घट्ट धरून वर्षानुवर्षं साठत राहतं. फ्लोरिडात हे मोठ्या प्रमाणावर घडलं. तिथल्या मध्य भागातल्या उंचवट्यावरच्या बागा ९५ टक्क्यांहून जास्त वाळू असलेल्या जमिनीवर आहेत. सूक्ष्म अन्नद्रव्यांबद्दल आज आपण जे सहज बोलतो त्यातलं पुष्कळ त्या वाळूत शिकलेलं आहे. १९३० च्या दशकात तिथे झाडांचा जुना पिवळेपणा जस्ताच्या फवाऱ्यानं बरा झाला. तांब्याची उणीवही खरी होती, म्हणून तांबं खतातून दिलं गेलं, रोगांसाठी फवारलं गेलं, आणि शेवटी इतकं साठलं की आम्लधर्मी वाळूत झाडांना लोह घेता येईना. १९५२ मध्ये स्टीवर्ट आणि लेनर्ड यांनी तिथे बागेत लोहाचं चिलेट वापरून ही झाडं हिरवी करून दाखवली. लोह ईडीटीए तिथे चाललं, कारण ती जमीन आम्लधर्मी होती. माझ्याकडे तेच हरलं, कारण ड्रिपरखाली ८.१ होता. त्या दुपारनंतर हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला.

म्हणून ज्या बागेत तांबेयुक्त बुरशीनाशक वर्षात दोन-चार वेळा पडतं तिथे मिश्र सूक्ष्म अन्नद्रव्याच्या पिशवीतून आणखी तांबं देऊ नका. पानात ५ ते १६ पीपीएम पुरतं.

जस्त आणि मँगनीज मी जमिनीतून देत नाही, फवारते. अण्णांचा वाद तिथे कामी आला. वेळ हीच यातली मुख्य गोष्ट: पालवी दोन तृतीयांश ते पूर्ण वाढलेली, पण अजून मऊ. चिमटीत पान वाकवलं तर ते न मोडता वळलं पाहिजे. एकदा पान कडक होऊन त्यावर मेणाचा थर चढला की बरंच द्रावण ओघळून जातं. पानाच्या खालच्या बाजूला छिद्रं असतात, नोझल तिकडे वळलं पाहिजे. लिटरला ५ ग्रॅम झिंक सल्फेट, २१ टक्केवालं, आणि त्याची आम्लता मारायला २.५ ग्रॅम विझवलेला चुना, गाळून. मँगनीज सल्फेट ३ ग्रॅम. युरिया मिसळत असाल तर कमी बाययुरेटचा (ही युरियातली अशुद्धी), पाव टक्क्याच्या खालचा, नाहीतर पानांची टोकं पिवळी पडतात. टाकीत काहीही नवं मिसळायच्या आधी मी काचेच्या बरणीत त्याच प्रमाणात करून अर्धा तास ठेवते. झिंक सल्फेटात विद्राव्य स्फुरद टाकलं तर बरणी दुधासारखी गढूळ होते आणि तळाशी साका बसतो. तेच टाकीत होतं, फक्त तिथे दिसत नाही. फवारलेलं जस्त त्या पानातून पुढच्या पालवीत फारसं जात नाही, म्हणून प्रत्येक मोठ्या पालवीला पुन्हा.

बोरॉनचं सांगताना मला अजूनही वाईट वाटतं. एका वर्षी फळं कडक आली, कापली तर सालीच्या पांढऱ्या भागात डिंकाचे तपकिरी ठिपके. कमतरता खरी होती. मी झाडाला २५ ग्रॅम बोरिक आम्ल एकदम आळ्यात दिलं आणि त्याच महिन्यात बोरॉन असलेलं मिश्रण फवारलं. सहा आठवड्यांत पानांची टोकं पिवळी, खालच्या बाजूला डिंकाचे बारीक तपकिरी फोड, मग पानगळ. अकरा झाडं त्या हंगामात उघडी पडली. बोरॉनमध्ये कमी आणि जास्त यांच्यात अंतर फार थोडं आहे. पानात ३६ ते १०० पीपीएम ठीक, आणि त्याच्या बरंच वर गेलं की विष. वाळू होती म्हणून भरपूर गोडं पाणी देऊन ते धुवून काढता आलं, भारी जमिनीत एवढ्या लवकर जमलं नसतं. आता माझा हिशोब एकच: वर्षभरात दिलेल्या नत्राच्या तीनशेवा भाग बोरॉन. ४५० ग्रॅम नत्राला दीड ग्रॅम बोरॉन, म्हणजे १७ टक्क्यांच्या बोरिक आम्लाचे साधारण ९ ग्रॅम, तेही तीन हप्त्यांत. आणि फवारणीच्या पाकिटात बोरॉन आहे का ते वाचून तेवढं वजा.

खुंटाबद्दल, म्हणजे ज्या मुळाकडच्या झाडावर कलम बांधतात त्याबद्दल, थोडंच, कारण लावून झालेल्या बागेत तो बदलता येत नाही: खुंटांच्या जातींपैकी ट्रायफोलिएट आणि त्याचे संकर चुनखडीत लवकर पांढरे पडतात, जंबेरी आणि रंगपूर जास्त सहन करतात. आमची त्या ओळीतली कलमं संकर खुंटावरची होती. शेजारची जंबेरीवरची झाडं त्याच पाण्यावर हिरवी होती, आणि मी तोवर त्याचं श्रेय माझ्या खताला देत होते.

पानांचे नमुने आता दरवर्षी एकाच पद्धतीनं घेते: वसंतातल्या पालवीची चार ते सहा महिन्यांची पानं, फळ नसलेल्या फांदीवरची, वीसेक झाडांवरून शंभर. आजारी झाडांची पिशवी वेगळी. फवारलेल्या पानांचा नमुना मी जस्त-मँगनीजसाठी मोजत नाही, वर चिकटलेलं धुऊनही पूर्ण जात नाही आणि आकडा खोटाच मोठा येतो. त्याच दिवशी दहा ठिकाणी ड्रिपरखालचा सामू. चमचा, बरणी, मापक, बस.

यंदा त्याच झाडाचं पान तोडून वहीत जुन्याच्या समोर चिकटवलंय. हिरवं आहे. खाली तारीख आणि माझ्या अक्षरात ‘ड्रिपरखाली ६.७’. त्याच्याखाली अण्णांनी स्वतःच्या पेनानं लिहिलंय: ‘पान जरा अरुंद. जस्त अजून कमी. पुढच्या पालवीला विसरू नको.’